काटा वाचणारी

काटा पडला तेव्हा पिकअप निम्मी फाटकाच्या आत आणि निम्मी रस्त्यावर होती. बाबांनी तिथल्या तिथे इंजिन बंद केलं. मागचा ट्रकवाला हॉर्नवर ठेवलेला हात काढायचं नाव घेईना, समोरच्या घरातली म्हातारी तमाशा बघायला खिडकीत आली, पण बाबा ढिम्म. ऑइलचा काटा पडला की आधी इंजिन बंद, जगाशी काय भांडायचं ते मागाहून, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम होता. शेवटी मिक्सरवाली दुकानातून बाहेर आली, तिने ट्रकवाल्याची माफी मागितली आणि त्यालाच खाली उतरवून गाडीला धक्का मारायला लावला.

मिक्सरवाली म्हणजे त्यांची मुलगी. घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान होतं. मिक्सर, पंखे, इस्त्र्या, जे काही बंद पडेल ते ती दुरुस्त करायची. बाबा बस डेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांना सगळे कानसेन म्हणायचे, कारण लाकडी दांडीचं एक टोक इंजिनावर आणि दुसरं कानाला लावून ते आतलं दुखणं सांगत. कानसेननी बेअरिंग म्हटलं की गाडीवाला इंजिन खोलायच्या आधी बेअरिंग आणायला निघायचा, एवढा भरवसा. गाण्यातलं मात्र त्यांना ओ की ठो कळत नसे. रेडिओवर कुणी लांब तान घेतली की म्हणायचे, "याचे व्हॉल्व्ह सेट करायला झालेत."

कानाचं हे असं. डोळ्यांचं विचारूच नका. पडद्याचा मधला भाग झिजला होता. कडेचं दिसे, पण समोर बघावं तिथे धुरकट गोळा. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं की यापुढे स्टिअरिंगला हात लावायचा नाही. बाबांनी गंभीरपणे मान डोलावली, त्यांचे आभार मानले आणि गाडी चालवत घरी आले.

मुलीने सगळे उपाय करून पाहिले. समजावलं, रडून झालं, भांडून झालं. दुसऱ्या शहरात बसून फोनवर सल्ले देणाऱ्या धाकट्या भावाच्या सांगण्यावरून एकदा किल्लीही लपवली. बाबांनी डॅशबोर्डखाली हात घालून दोन वायरी जोडल्या, गाडी चालू केली आणि वर तिलाच विचारलं, "किल्ली कुठे पाडलीस की काय? वेंधळी आहेस."

मग ती सायकलवाली बाई. सरळ रस्ता, लख्ख ऊन, आणि ती बाई रस्त्याच्या मधोमध, पुढे कितीतरी वेळ दिसत होती. म्हणजे शेजारी बसलेल्या मुलीला दिसत होती. मुलगी किंचाळली तेव्हा बाबांनी ब्रेक दाबला. बाई घाबरून खाली पडली, कोपर सोलवटलं, आणि बिचारीने उठून आपणच माफी मागितली. बाबा म्हणाले, "कुठून उगवली गं ही?" त्या दिवसापासून बाबा गाडी घेऊन गेले की ती हातातला मिक्सर उघडा टाकून रस्त्याकडे कान लावून बसायची.

तर आता काटा पडला होता, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. दोन दिवस तरी गाडी जागची हलणार नव्हती.

बाबांनी मात्र बाह्या सरसावल्या. दुरुस्ती निघाली की त्यांच्या अंगात बळ यायचं. इंजिनात तेल किती आहे ते आधी पट्टी घालून पाहिलं. पट्टी त्यांनी तिच्यापुढे धरली. "वरच्या खुणेपर्यंत आहे," ती म्हणाली. तेल बोटांत चोळून, हुंगून ते म्हणाले, "चांगलं आहे. जळलेलं नाही. आता काटा खोटं बोलतोय की इंजिन, ते बघू."

इंजिनाच्या कुशीत पितळेचा एक छोटा सेंडर बसवलेला असतो. तेलाचा दाब ओळखायचा आणि वायरीतून डॅशबोर्डवरच्या काट्याला कळवायचा, एवढंच त्याचं काम. बाबांनी चाचपून ती वायर काढली आणि उघडं टोक इंजिनाच्या लोखंडाला टेकवलं. "आता?"

"काटा पार वर गेला."

"म्हणजे काटा ठीक, वायर ठीक. एक तर सेंडर मेलाय, नाही तर दाब खरंच नाही. लाव माझं गेज."

त्यांचं गेज डेपोतलं होतं. जाड काचेची तबकडी आणि तिला तांब्याची नळी. सेंडर काढायचा, त्याच जागी नळी पिळून बसवायची, की दाबाचा खरा आकडा समोर येतो. तिथे वायर नाही, सेंडर नाही, फसवणारं मध्ये कुणीच नाही. तिने नळी बसवली, बॉनेटच्या पलीकडे तबकडी टेकवून टॉर्च घेऊन खाली बसली. बाबांनी अलीकडून दांडी लावली आणि डोळे मिटले.

ही वर्कशॉपची रीत होती. एकाने ऐकायचं, एकाने वाचायचं. ऐकणाऱ्याने काट्याकडे बघायचं नाही, कारण आकडा कळला की कान त्याचीच री ओढायला लागतो. काय ऐकलं ते त्याने आधी मनाशी पक्कं करायचं आणि मगच विचारायचं, "किती?" वाचणाऱ्याने फक्त आकडा सांगायचा. त्याला उलट प्रश्न करायचा नाही, पुन्हा वाच म्हणायचं नाही. कान आणि काटा जुळले नाहीत तर काटा खरा धरायचा. शाळेत जायच्या वयात बाबांनी तिला तेलाच्या डब्यावर उभं करून हे शिकवलं होतं. एकदा ती म्हणाली होती, "तीस असतील असं वाटतंय," तर केवढे ओरडले होते. "तुला काय वाटतं ते कुणी विचारलंय? दिसतं ते सांग." तेव्हापासून त्यांच्यासाठी वाचणारी तीच. डेपोतले मेकॅनिकसुद्धा म्हणायचे, कानसेनचा काटा पोरीकडे असतो.

इंजिन चालू होतं. बाबांचा चेहरा हळूहळू सैल झाला. ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, ठणठणीत इंजिन ऐकल्यावर यायचं तसं.

"किती?"

काटा बावीसवर होता. गरम इंजिन, मंद चाल, बावीस पौंड. याहून चांगलं काही असू शकत नाही. म्हणजे नुसता सेंडर मेला होता. तो बाजारात कुठेही मिळतो, बसवायला पाच मिनिटं लागतात. उद्या गाडी फाटकाबाहेर. तिच्या डोळ्यांपुढे ती बाई आली, रस्त्याच्या मधोमध, पाठमोरी.

"पाच," ती म्हणाली.

बाबांच्या ओठांवरचं हसू तसंच राहिलं, पुसायचं विसरल्यासारखं. मग त्यांनी दांडी थोडी सरकवली. पुन्हा ऐकलं. आणखी खाली लावून ऐकलं. "ॲक्सिलरेटर दे."

तिने बसल्या जागेवरून ॲक्सिलरेटरची तार ओढली. काटा चव्वेचाळीसवर जाऊन स्थिर झाला.

"किती?"

एकदा बोललेलं आता गिळता येत नव्हतं. "नऊ."

"बंद कर," बाबा म्हणाले. ते पुन्हा वाच म्हणाले नाहीत. म्हणणारच नव्हते. दांडी भिंतीला टेकवून ते जुन्या टायरवर बसले आणि म्हणाले, "एवढा दाब पडलाय म्हणजे आत बेअरिंग खडखडत असणार. आणि मला काहीच ऐकू आलं नाही. मला तर वाटलं, काय सुरेख चाललंय."

भाऊ फोनवर खूश झाला. "ताई, तू ग्रेट आहेस. कुणाला दुखवलं नाहीस आणि काम झालं." तिलाही पहिले काही दिवस तसंच वाटलं. गाडी पत्र्याखाली उभी होती, बाबा घरी होते, आणि ती दुपारी निवांत कामाला बसायची. आपण खोटं बोललो खरं, पण कुणाचा जीव वाचला असेल तर काय बिघडलं, असं ती मनाला बजावत होती, आणि मन ऐकतही होतं.

मग बाबा विचारायला लागले. पंखा आवाज करतोय का गं? नळ नीट बंद झालाय का? पूर्वी दुकानात आलेला मिक्सर ती चालू करायची तेव्हा ते आतल्या खोलीतून ओरडून सांगायचे, "बुश गेलंय!" ती चिडायची, "गिऱ्हाइकासमोर मला बोलू तरी द्या की!" आता आतून आवाज येईना. एकदा तिने मुद्दाम हाक मारली. "बाबा, हा आवाज कसला हो?" तर म्हणाले, "तू बघ. माझं काय धरून चालतेस." ते रुसून बोलत नव्हते. साधं, हवापाण्यावर बोलावं तसं बोलत होते, आणि म्हणूनच तिला ते सोसवेना.

टेम्पोवाला आला तेव्हा ती काउंटरवरच होती. जुना ओळखीचा माणूस, तोंडाने वाह्यात, मनाने चांगला. "कानसेन, दोन दिवस झाले, चढावर काहीतरी टकटक वाजतंय. जरा ऐका ना."

"दुसरीकडे दाखव," बाबा म्हणाले. "माझा कान गेला."

"कान गेला? मग माझं ऐकू कसं आलं?"

"तुझं काय, तुझं बहिऱ्यालाही ऐकू येईल. जा, दाखव कुणाला तरी."

टेम्पोवाल्याला ती थट्टाच वाटली. हसत हसत गेला. दुसऱ्या कुणाला दाखवायचा त्याने आळस केला आणि पुढच्याच आठवड्यात चढावर त्याचं इंजिन जाम झालं. टेम्पो भरलेला, मागे उतार. नशीब की बायको शेजारी होती. तिने उडी मारून चाकाखाली दगड सरकवला. दोघं वाचली. हे सांगायला तो पायी आला होता, आणि सांगतानाही हसत होता. "कानसेननी ऐकलं असतं तर तिथल्या तिथे सांगितलं असतं, काय हो मिक्सरवाली?"

तिला मान वर करवेना. हातातला स्क्रू तिने तीनदा उलटा फिरवला. एका बाईला वाचवायला म्हणून आपण खोटं बोललो आणि दुसरीला उतारावर चाकाखाली जायला लावलं, एवढंच तिला दिसत होतं. आणि आतल्या खोलीत बाबा हे सगळं ऐकत बसले होते. टेम्पोवाला गेल्यावर ते बाहेर आले आणि म्हणाले, "भंगारवाल्याला निरोप धाड. सकाळी येऊन गाडी घेऊन जा म्हणावं. आणि ती दांडीही दे टाकून. लोक उगाच आशेने येतात."

"बाबा, मी खोटं वाचलं."

ते थांबले.

"पाच नव्हते. बावीस होते. वर चव्वेचाळीस. इंजिन चांगलं आहे. तुम्ही ऐकलंत ते बरोबर होतं. तुम्ही गाडी चालवू नये म्हणून मी खोटं सांगितलं."

बाबा तिच्याकडे, म्हणजे तिच्या जरा बाजूला, बघत राहिले. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "माझं मन राखायला बोलतेस."

"नाही हो बाबा!"

"तू असं करणार नाहीस. चालवू नका म्हणून भांडशील, किल्ली लपवशील. पण काटा खोटा वाचणार नाहीस. मी शिकवलंय तुला." ते हसलेसुद्धा. "वय झालं की कान जातो, त्यात एवढं काय? जेवायला वाढ."

तिने ताट वाढलं. स्वतःचं झाकून ठेवलं. शिव्या दिल्या असत्या, हात उगारला असता, तर बरं झालं असतं. आपण केलं काय, तर बापाचा आपल्यावरचा विश्वासच घेतला आणि त्याने बापाचा कान कापला, आणि तो विश्वास अजून जिथल्या तिथे शाबूत होता. त्याची तिला भीती वाटायला लागली.

सकाळी भंगारवाला दोन माणसं आणि साखळी घेऊन हजर झाला. त्याने गाडीभोवती फेरी मारली, टायरला लाथ मारली, नाक मुरडलं. मुलीने तोवर सेंडरच्या जागी नळी बसवून ठेवली होती.

"बाबा, मी सांगितलेलं तुम्ही मानत नाही ना? मग याला वाचू दे. गाडी जितकी खराब तितका याचा फायदा. हा काही आकडा वाढवून सांगायचा नाही."

"अहो ताई, मी भंगार नेतो, डॉक्टर नाही," भंगारवाला म्हणाला, पण कुतूहलाने वाकला. बाबा नको नको म्हणत होते. तिने दांडी आणून त्यांच्या हातात दिली आणि किल्ली फिरवली.

बाबांनी दांडी लावली. डोळे मिटले. बराच वेळ गेला. त्यांनी काय ठरवलं ते चेहऱ्यावरून कळेना. या वेळी हसूही आलं नाही.

"किती?"

"मोठ्या रेघा की बारक्या? हां, हां. वीस आणि वर दोन बारक्या," भंगारवाला म्हणाला. मुलीने ॲक्सिलरेटर दाबला. "आता चाळीसच्या पुढे. चव्वेचाळीस म्हणा." तो गुडघे झटकत उठला. "कानसेन, ही भंगार नाही हो. उगाच सकाळी सकाळी बोलावलंत."

माणसं साखळी खणखणवत निघून गेली. इंजिन तसंच चालू होतं, सुरेख, एका लयीत. बाबांनीच हात आत घालून ते बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली.

"मला सांगायचंस," ते म्हणाले.

"सांगितलं होतं. किती वेळा सांगितलं. ऐकलं नाहीत."

"नाही ऐकलं. ती माझी चूक. मला रस्ता दिसत नाही हे मला ठाऊक होतं. ती सायकलवाली मला दिसलीच नव्हती, पडल्यावरसुद्धा. तू टायर फाडायचेस. पोलिसांत सांगायचंस. मी चिडलो असतो, महिनाभर बोललो नसतो." त्यांचा आवाज चढला नाही. "पण काटा? इतके दिवस मी अंथरुणात पडून तेच इंजिन डोक्यात वाजवत होतो. कुठे खडखडतंय, कुठे खडखडतंय, म्हणून. मला वाटलं, आता एकेक जायला लागलं."

ती रडत होती. चुकलं म्हणाली. पुन्हा पुन्हा म्हणाली. बाबांनी खिशातून किल्ली काढली आणि चाचपडत तिच्या हातात ठेवली. "घे. याच्यासाठीच केलंस ना सगळं? मी पुन्हा चालवणार नाही."

आणि खरंच त्यांनी चालवली नाही. तिने सेंडर आणून बसवला, डॅशबोर्डवरचा काटा उभा राहिला, आणि आता बाजारात जाताना ती चालवायची आणि बाबा शेजारी बसायचे. आतल्या खोलीतून "बुश गेलंय!" पुन्हा ऐकू यायला लागलं. भावाने फोनवर सांगितलं, "बघ, सगळं जागेवर आलं की नाही?" तिलाही तसंच वाटायला लागलं होतं. बाबा तिच्याशी नीट बोलत, तिच्या हातचं खात, पूर्वीसारखी थट्टा करत.

टेम्पोवाल्याचं इंजिन बांधून झालं तेव्हा तो पहिला इकडेच आला. "नवंकोरं बांधलंय, कानसेन. रस्त्यावर काढायच्या आधी तुमचा कान पाहिजे. बायकोने शपथ घातलीय."

बाबांनी दांडी घेतली. मुलीने दुकान अर्धवट सोडलं, गेज आणलं, नळी पिळली, टॉर्च घेऊन पलीकडे तबकडीपाशी बसली. नेहमीची जागा, नेहमीचं काम. इंजिन चालू झालं. बाबांनी दांडी टेकवली, कान लावला आणि डोळे मिटता मिटता थांबले.

"वाचायला कोण बसलंय?"

"मी आहे, बाबा."

"तू ऊठ," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "त्याला वाचू दे."

ती उठली. टॉर्च तिने टेम्पोवाल्याच्या हातात दिला. त्याने आयुष्यात असलं काही वाचलं नव्हतं. आधी त्याने तबकडीच उलटी धरली, मग बारक्या रेघा मोजताना दोनदा चुकला. "जरा थांबा हं कानसेन, समजत नाहीये." मुलीला तिथून, उभ्यानेच, आकडा स्वच्छ दिसत होता. ती बोलली नाही.

"सावकाश वाच," बाबा म्हणाले. "मला घाई नाही."